अहो म्हणणारा नवरा

माझ्या नवऱ्याच्या मेंदूत विषाणू शिरला, तेव्हा तिथे त्याच्या हाती फारसं काही लागलं असेल असं मला वाटत नाही. कापडावरचे डाग, गिऱ्हाइकांबद्दलची चीड आणि फुटबॉलच्या जुन्या सामन्यांचे निकाल, एवढाच काय तो ऐवज. पण विषाणूला कुठे निवडत बसायला वेळ असतो. ताप चढला तसे नवऱ्याने एका वकिलाचे इस्त्री केलेले शर्ट फ्रिजमध्ये नीट रचून ठेवले आणि मला विचारलं, गाडी किती वाजता सुटते. मी म्हटलं, नाटकं पुरे, जाऊन झोप. मग तो जिन्यापाशी कोसळला, हातपाय झाडायला लागला, तेव्हा कुठे मी रुग्णवाहिकेला फोन केला.

आमचं कपडे धुण्याचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. पुढच्या खोलीत काउंटर आणि हँगरच्या रांगा, मागच्या खोलीत यंत्रं, वाफेची इस्त्री आणि खिडकीखाली नवऱ्याचं टेबल. त्या टेबलावर तो डाग काढतो. शाई, वंगण, रक्त, लिपस्टिक, गंज, काहीही आणा. तो आधी वास घेतो, मग बोटाने चाचपतो आणि मग डाग आणणाऱ्याचा उद्धार करतो. गल्लीत त्याला डागडॉक्टर म्हणतात. बँकेच्या मॅनेजरला त्याने भर दुकानात विचारलं होतं, "हा सूट घालून तू जेवलास की पोहलास?" मॅनेजर असो, पोलीस असो, शाळेच्या मुख्याध्यापिका असोत, त्याच्या तोंडी सगळे 'तू'. मलाही तो 'तू' म्हणायचा आणि मीही त्याला. दिवसातून निदान दोनदा आमचं कडाक्याचं भांडण व्हायचं आणि गिऱ्हाईक मध्ये पडायला बघायचं, तेव्हा आम्ही दोघं मिळून गिऱ्हाइकाला गप्प करायचो. संसार उत्तम चालला होता.

हॉस्पिटलात त्याच्या खोलीबाहेर एक भलंमोठं चित्र लावलेलं होतं. शरीराचे शूर शिपाई, असं वर लिहिलेलं. खाली गोल गोल पेशी, डोक्यावर लोखंडी टोप, हातात बंदुका, आणि समोर काटेरी चेहऱ्याचे विषाणू. त्या चित्राकडे बघत मी बाकावर बसून होते आणि मला सारखं वाटत होतं, अरे, गोळ्या कुठे झाडताय, ते माझ्या नवऱ्याचं डोकं आहे. त्यात आधीच माल कमी. एक गोळी चुकली तर काय उरणार.

हे मी माझ्या नणंदेला बोलून दाखवलं. माझी नणंद म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण, मोठ्या प्रयोगशाळेत काम करते. उंदरांच्या मेंदूत विषाणू सोडायचे आणि तिथल्या पेशी त्याच्याशी कशा झुंजतात ते बघायचं, हा तिचा धंदा. सासूबाई आजवर सगळ्यांना सांगायच्या की मुलगी उंदरांची डॉक्टर आहे, लग्नाचं तेवढं राहिलं. आता मात्र तिच्या एकेका शब्दाला घरात सोन्याचा भाव आला होता. ती मशीनमधली पांचट कॉफी घेऊन माझ्या शेजारी बसली आणि चित्राकडे बघून तिने तोंड वाकडं केलं.

"हे चूक आहे, वहिनी," ती म्हणाली. "यकृतात वगैरे ठीक आहे. तिथे टी पेशी, म्हणजे हे शिपाई, येतात, विषाणू शिरलेली पेशी सरळ मारतात. एक मेली तर दुसरी तयार होते. मेंदूतली पेशी मेली की तिची जागा रिकामीच राहते. म्हणून तिथे टी पेशी शक्यतो मारत नाहीत. नुसत्या जवळ जाऊन बसतात आणि इंटरफेरॉन नावाचं रसायन सोडतात. ते मिळालं की आजारी पेशी आतल्या आत विषाणूची छपाई बंद करते. विषाणू जातो, पेशी वाचते."

म्हणजे मारामारी नाही, समजूत काढणं. मला हे ऐकून नवल वाटलं, कारण आमच्या घरात समजूत काढून सुटलेला एकही प्रश्न मला आठवत नव्हता. त्याच्या शरीरात कुठेतरी इतका समजूतदारपणा होता आणि त्यातला थेंबभरही कधी तोंडावाटे बाहेर आला नाही, याचा मला त्याही अवस्थेत राग आला.

ताप उतरला. नळ्या निघाल्या. एका सकाळी त्याने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही बराच वेळ बसून आहात का?"

मला वाटलं, थट्टा करतोय. जिवात जीव आला म्हणून मी हसले. मग सासूबाई पुढे झाल्या, त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला लागल्या, तर हा म्हणतो, "आई, तुम्ही काही खाल्लंत का?"

सासूबाईंचा हात तिथेच थांबला. त्या बाहेर गेल्या आणि त्या टोपवाल्या पेशींच्या चित्राखाली उभ्या राहून रडल्या. जन्म दिला त्याला मी, त्या म्हणत होत्या, आणि मला तुम्ही म्हणतो, मी काय पाहुणी आहे का. मी त्यांना सांगत होते की आजारपण आहे, होईल ठीक. आमच्या घरात 'तुम्ही' हा शब्द फक्त त्यांच्यासाठी होता आणि तोही फक्त माझ्या तोंडी. तो त्याने असा अचानक सगळ्यांना वाटून टाकला होता.

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या परीक्षा घेतल्या. आज वार कोणता, शंभरातून सात वजा करत या, घड्याळ काढून दाखवा. सगळं बरोबर. या कोण, असं माझ्याकडे बोट दाखवून विचारलं. तो म्हणाला, या माझ्या पत्नी. बाईंनी मान डोलावली आणि मला म्हणाल्या की तुम्ही नशीबवान आहात. मी सांगायचा प्रयत्न केला की यांचा 'तू' हरवलाय. त्यांना ते काही कळलं नाही, किंवा कळलं तरी त्यांच्या परीक्षेत तो प्रश्न नव्हता.

घरी आणल्यावर तर मजाच झाली. सकाळी चहा दिला की "आभारी आहे". न्हाणीघरात जायचं तर "मी आत जाऊ का?" खिडकीत एक कबूतर येऊन बसायचं, त्याला म्हणाला, "तुम्ही जरा पलीकडे बसता का?" दुकानात तो टेबलापाशी बसायला लागला आणि देवाची कृपा म्हणा, हात काही विसरले नव्हते. शाईला काय, गंजाला काय, सगळं ठाऊक. फक्त डागाबरोबर मिळणाऱ्या शिव्या बंद झाल्या. बँकेचा मॅनेजर कोट घेऊन आला, त्याला हा म्हणाला, "असं होतं कधी कधी, तुम्ही काळजी करू नका." मॅनेजरचे डोळे पांढरे झाले. पुढच्या आठवड्यात तो घरचे पडदेसुद्धा घेऊन आला. दुकानात गर्दी वाढली. शेजारच्या बेकरीवालीने मला बाजूला घेऊन विचारलं की हा विषाणू नेमका कुठे मिळतो, तिच्याही घरी एक माणूस आहे.

मलाही सुरुवातीला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण जेवणाचं कौतुक प्रथमच कानावर पडत होतं. मी केलेलं सूप पाण्यासारखं झालं होतं आणि तो म्हणाला, छान झालंय, तुम्ही फार कष्ट घेता. दोन दिवस मी हवेत होते. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम मिठाचा डोंगर ओतला, तरी तेच. तेव्हा मात्र मला एकटं वाटायला लागलं. घरात भांडायला माणूसच उरला नव्हता.

आणि हळूहळू दुसरंही दिसायला लागलं. तो जिन्याच्या मधल्या पायरीवर उभा राहायचा आणि वर जायचं होतं की खाली, ते त्याला आठवायचं नाही. सकाळी सांगितलेलं संध्याकाळी पुसलेलं असायचं. कोपऱ्यावरच्या दुकानातून साबण आणायला गेला आणि भलत्याच चौकात सापडला, एका अनोळखी बाईला अतिशय अदबीने विचारत होता की मी कुठे राहतो, हे आपण सांगू शकाल का. मी त्याला हाताला धरून घरी आणलं. वाटेत त्याने माझी दोनदा माफी मागितली.

पुन्हा तपासण्या झाल्या. विषाणू कुठेच सापडला नाही, तरी मेंदूत सूज होती. नणंद तपासणीत काढलेली मेंदूची चित्रं घेऊन घरी आली आणि मागच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर पसरून बसली. सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. लेकाची काळजी घ्यायला म्हणून बॅग घेऊन आल्या होत्या, आणि आल्यापासून त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातल्या एकूण एक बरण्यांच्या जागा बदलल्या होत्या.

नणंद म्हणाली की लढाई जिंकली, पण जिंकणारे परत गेले नाहीत. टी पेशी मेंदूत मुक्काम ठोकतात, कधी कधी जन्मभर, विषाणू पुन्हा आला तर असावं म्हणून. इथवर ठीक. पण त्या आपलं रसायन सोडतच राहतात. मेंदूत आणखी एक जात असते, मूळची तिथलीच, राखण आणि झाडलोट करणारी. तिचं नाव मायक्रोग्लिया, ऐकायला एखाद्या सरबतासारखं. ते रसायन लागलं की ही जात पिसाळते आणि दोन मज्जापेशींमध्ये जे सांधे असतात तेच केर समजून खाऊन टाकते. पेशी जिवंत, तारा तुटलेल्या. असं वाटतंय की दादाचं हेच चाललंय, ती म्हणाली.

मदतीला आले, बसले, आणि घरच्या माणसांना भलत्या कामाला लावलं. मी सासूबाईंकडे बघितलं नाही. नणंदेने मात्र बघितलं आणि पटकन खाली मान घातली.

डॉक्टरीणबाईंकडे एक औषध होतं. शिरेतून द्यायचं, या सगळ्या पेशींना शांत करणारं. अडचण अशी की हा विषाणू पुरता कधीच जात नाही, कुठेतरी दडी मारून बसतो. पहारेकरी झोपले आणि तो उठला, तर खेळ खलास. देऊ या की नको, असं मी विचारलं, तर बाई म्हणाल्या की निर्णय कुटुंबाने घ्यायचा. डॉक्टरांना ठाऊक असतं तेव्हा ते हुकूम सोडतात आणि ठाऊक नसतं तेव्हा त्यांना एकदम लोकशाही आठवते.

मी नणंदेला विचारलं, तुझ्या उंदरांचं काय झालं. ती म्हणाली, उंदरांना पाण्यात सोडतात आणि टेकायला एक चौकट लपवून ठेवतात, बऱ्याच जणांना ती कुठे आहे ते पुन्हा लक्षात राहायला लागलं.

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांचा विषाणू परत आला," ती म्हणाली.

पुढे तिने काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आठवडाभर घरात त्यावरून रणं पेटली, अर्थात दबक्या आवाजात, कारण वर तो झोपलेला असायचा. नणंदेचं म्हणणं की रोज थोडा थोडा दादा खाल्ला जातोय आणि आपण बघत बसलोय. सासूबाईंनी एकच धोशा लावला होता. सगळ्यात जास्त त्याच रडल्या होत्या आणि आता त्याच म्हणत होत्या, "मला तुम्ही म्हणू दे, नाहीतर बाईसाहेब म्हणू दे. माझ्यासमोर बसलेला आहे ना? मला तेवढं पुरे."

मी कोणाच्या बाजूने होते? मला माझा नवरा परत हवा होता, आणि तो असाही जिवंत हवा होता. म्हणजे मी दोघींच्याही बाजूने होते. रागाच्या भरात मी स्वतःच औषध करायचं ठरवलं.

माझा हिशेब सरळ होता. तो सगळ्यात ठणठणीत 'तू' म्हणायचा ते भांडणात. मग भांडण काढू. कोपऱ्यावरच्या न्हाव्याचा पांढरा एप्रन आला होता, कोणाच्या तरी कानाचं रक्त सांडलेला. रक्तावर गार पाणी घालायचं, हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. गरम घातलं की रक्त कापडात कायमचं बसतं. मी किटलीभर उकळतं पाणी आणलं, नवऱ्याच्या टेबलासमोर उभी राहिले आणि त्याच्या डोळ्यांदेखत ते सगळं त्या एप्रनवर ओतलं. पूर्वी असं कोणी केलं असतं, तर त्याचा आवाज नदीपलीकडे ऐकू गेला असता.

तो उठला. माझ्या हातून किटली काढून घेऊन त्याने बाजूला ठेवली. एप्रन उचलला, उजेडात धरला. "गरम पाण्याने रक्त पक्कं होतं," तो म्हणाला. "तुमच्या लक्षात राहिलं नसेल. हरकत नाही."

मी न धुतलेल्या चादरींच्या ढिगावर बसले आणि भोकाड पसरलं. तो गोंधळला. त्याने हँगरवरून कोणा गिऱ्हाइकाचा धुतलेला रुमाल काढून आणला, टॅगसकट, आणि हात लांब करून माझ्यापुढे धरला. परक्या बाईपासून भल्या माणसाने जितकं दूर उभं राहावं, तितका दूर तो उभा होता. तेच मला सोसवेना. मी नाक पुसलं आणि त्याला समोर बसवलं.

मी विचारलं, "मी कोण आहे?"

"माझ्या पत्नी."

"हे तुला कोणी सांगितलं?"

त्याने बराच विचार केला. "मला माहीत आहे," तो म्हणाला. "फोटो आहेत, सगळे सांगतातही, आणि ते खोटं नाही. पण कपड्यावर टॅग असतो ना, तसं आहे ते. टॅगवरचं नाव बरोबर आहे. कापड हाताला ओळखीचं लागत नाही. मी हे आधी बोललो नाही, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की आठवडाभर आम्ही तिघी त्याच्या मेंदूवरून भांडत होतो आणि त्याला कोणी चकार शब्द सांगितला नव्हता. मी सगळं सांगितलं. टी पेशी, सरबत, सांधे, दडून बसलेला विषाणू, दोन्ही तऱ्हेचे उंदीर. त्याने मधे मधे नम्रपणे शंका विचारल्या. शेवटी म्हणाला, औषध नाही घेतलं तर काय काय जाईल. मी म्हटलं, सांगता येत नाही, हळूहळू सगळंच.

"डागांचंही?"

"बहुतेक."

"मग घ्यायला हवं," तो म्हणाला. "तुमची हरकत नसेल तर."

माझ्यासाठी नाही, आईसाठी नाही, शाई आणि वंगणासाठी. तळपायाची आग मस्तकात गेली, पण आतून बरंही वाटलं, कारण इतका आगाऊपणा त्याच्यात शिल्लक आहे हे मला कळलं. सासूबाईंना मी सांगितलं, तुमच्या मुलाने ठरवलंय. त्यांनी बॅग भरली आणि आमच्याआधी हॉस्पिटलात जाऊन बसल्या.

औषध सुरू झालं आणि आम्ही तापाची वाट बघायला लागलो. ताप आला तर विषाणू उठला. मी येता जाता त्याच्या कपाळाला हात लावायची आणि तो दर वेळी म्हणायचा, माझ्यामुळे तुम्हाला त्रास. घरी आणल्यानंतर एका संध्याकाळी कपाळ चांगलंच गरम लागलं. मी नणंदेला फोन केला, ती मांजर मागे लागल्यासारखी धावत आली. मग कळलं की तो तासभर वाफेच्या इस्त्रीशेजारी वर्तमानपत्र वाचत बसला होता. नणंद इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि मग ती माझ्या गळ्यात पडून रडली. तिला स्वतःच्या उंदरांवर कधी एवढा विश्वास ठेवावा लागला नव्हता, असं ती म्हणाली.

ताप आला नाही. सूज उतरली. तो जिन्यावर अडेनासा झाला, साबण घेऊन वेळेवर परत यायला लागला, सकाळची गोष्ट संध्याकाळी मला सांगायला लागला. फुटबॉलचे निकालही परत आले, गोल कोणी कोणत्या पायाने मारला याच्यासकट. आता 'तू' कधीही येईल म्हणून आम्ही सगळे टपून बसलो. सासूबाई रोज यायच्या आणि आमिष टाकल्यासारखं म्हणायच्या, "काय रे, कसा आहेस?" तो उठून खुर्ची द्यायचा. "बरा आहे. आपण बसा." तुम्हीवरून आपणवर गेला. सासूबाईंनी हात टेकले.

मी नणंदेला फोन करून विचारलं, अजून किती वाट बघायची. ती म्हणाली, "वहिनी, जे सांधे खाल्ले गेले ते गेले. ते परत येत नाहीत. औषधाने फक्त उरलेलं वाचलं. आता जे होतील ते नवे होतील, आणि कोणते होतील ते मला सांगता येणार नाही."

हे आधी का नाही सांगितलंस, मी ओरडले. तू विचारलं नाहीस, ती म्हणाली, आणि मी फोन आपटला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की माझा नवरा वारला. वर्तमानपत्रात छापलं नाही, कोणी भेटायला आलं नाही, आणि वरच्या खोलीत त्याचेच हात असलेला एक सभ्य गृहस्थ टॉवेलांच्या घड्या घालत होता. त्या गृहस्थावर मी राग तरी कसा काढणार. मी रात्रीचं जेवण केलं नाही. त्याने केलं. अंडी होती, करपली होती.

मग कधीतरी, कंटाळून म्हणा किंवा टोमणा म्हणून म्हणा, मीच त्याला म्हटलं, "अहो, चहा घेता का?" तर त्याचा चेहरा उजळला. इतके दिवस मी त्याला अरे-तुरे करत होते आणि तो बिचारा ते निमूट सोसत होता, कोण ही बाई एवढी सलगी करते म्हणून. आता आम्ही समोरासमोर बसून चहा घ्यायला लागलो, गाडीत शेजारची जागा मिळालेल्या प्रवाशांसारखे. तुम्ही मूळच्या कुठल्या, असं त्याने मला विचारलं आणि मी सांगितलं. तुम्हाला हा धंदा आवडतो का, असं मी त्याला विचारलं. धंदा आवडतो, माणसं आवडत नाहीत, असं तो जरा दचकतच म्हणाला. मी म्हटलं, माझंही तसंच आहे. तो प्रथमच मोठ्याने हसला. माझ्याबद्दल त्याला काही माहीत नव्हतं, आणि सांगायला लागल्यावर मला जाणवलं की त्यातल्या अर्ध्या गोष्टी मी पहिल्यालाही कधी सांगितल्या नव्हत्या. त्याने विचारल्या नव्हत्या.

हिवाळा सरत आला होता. एका हॉटेलाच्या डबल बेडच्या चादरी आल्या होत्या, त्यांच्या घड्या एकट्याने घालता येत नाहीत. दुकान बंद करून आम्ही मागच्या खोलीत त्या घेऊन उभे होतो. दोन टोकं माझ्याकडे, दोन त्याच्याकडे. ताणायची, झटकायची, मग दोघांनी चालत एकमेकांजवळ यायचं आणि टोकाला टोक मिळवायचं. बऱ्याच चादरी झाल्या. एकदा असेच जवळ आलो आणि त्याने टोकं सोडलीच नाहीत.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "राग येणार नसेल तर."

मी म्हटलं, विचारा.

तो चादरीकडे बघत होता. कान लाल झाले होते. "मी तुम्हाला 'तू' म्हटलं, तर चालेल का?"

माझे हात चादरीत अडकलेले, डोळे पुसायचीही सोय नव्हती.

"म्हणून बघ," मी म्हटलं.

त्याने ओठ हलवले. आवाज आला नाही. पुन्हा प्रयत्न केला. खूप वेळ लागला त्याला.

"तू," तो म्हणाला. "तू चादर वाकडी धरली आहेस."

वाकडी त्याने धरली होती, आणि ते मी त्याला चांगलं सुनावलं.